खाऱ्या पाण्याचं काय करायचं?

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खोदली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. कुणाला विचारलं तर उत्तर येतं, "आमचं पानी असंच हाय भाऊ." आवाजात तक्रार नसते. वास्तव स्वीकारणं म्हणतात ते हेच, असं पाहुण्याला वाटतं. मला मात्र या एका वाक्याचे दोन अर्थ ऐकू येतात.

जाणता शेतकरी ते बोलतो तेव्हा त्यात हिशेब असतो. सोडियम जास्त असलेलं हे पाणी काळ्या मातीला देत राहिलं की तिची भोकं बुजतात, वर कडक थर धरतो आणि पुढच्या पावसाचं पाणीही नीट मुरत नाही. म्हणून तो पावसावर कपाशी-तूर घेतो, ओल राहिली तर हरभरा पेरतो, जमलं तर शेततळं करतो. बोअर आणखी खोल नेला की गोडं पाणी लागेल, या आशेवर पैसा ओतणारा माणूस उमेदीचा दिसतो खरा, पण खारेपणाशी त्याची अजून ओळखच झालेली नसते.

1930 साली याच पट्ट्यातल्या दहीहांड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी विहिरीचं खारं पाणी उकळून मीठ काढलं आणि इंग्रजांचा कायदा मोडला. पाण्याचा खारेपणा त्यांना मान्य होता, मिठावरचा कर नव्हता. आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करा, असं रोमन काळातला तत्त्वज्ञ एपिक्टेटस शिकवायचा; तो स्वतः गुलामीत वाढलेला. सरकारी कायदा त्यानं बहुधा हाताबाहेरच्या ढिगात टाकला असता. दहीहांड्यानं ती वाटणी कढईपाशी बसून नव्यानं केली.

'आमचं पानी असंच हाय' हेच वाक्य पिण्याच्या पाण्याबद्दल निघतं, तेव्हा मी अडखळतो. वाण धरणाचं गोडं पाणी खारपाणातल्या गावांत नळानं नेता येतं, हे अकोट-तेल्हाऱ्याकडच्या 84 खेडी योजनेनं दाखवलंय. तरी एखाद्या टोकाच्या गावात नळ कोरडा राहिला, की 'खारपाणात जन्मलो, भोगायचंच' म्हणत त्याचाही दोष जमिनीला दिला जातो. जमिनीतले क्षार कुणी ठरवून घातलेले नाहीत. पाइपलाइन कुठवर न्यायची, कोणत्या गावाला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, हे मात्र कुणाच्या तरी सहीनं ठरतं. तो कागद ग्रामसभेत मागता येतो.