मायक्रोमीटर चाकणला, अंदाजपंचे घरी

बस. नको, उभाच राहा. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहेस ना? तिथे केसभर फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवतोस. आणि घरी पाणी तापवायला एक लाख वीस हजारांचा हीट पंप घ्यायचा तर तुझा पुरावा काय? ‘सर, तो माणूस म्हणाला.’ कमिशन कुणाला मिळणार आहे रे? त्यालाच ना!

वर ‘तीनशे टक्के कार्यक्षमता’ असं माझ्या तोंडावर म्हणालास. वर्गात झोपला होतास? भीमेवरची मोटार पाणी तयार करते का? उचलून रानात आणते. हे यंत्रही कॉम्प्रेसरला एक युनिट वीज खातं आणि बाहेरच्या हवेतली साधारण दोन युनिटं उष्णता उचलून टाकीत घालतं. युक्ती खरी आहे. लबाडी आहे ती ‘बिल एक तृतीयांश होईल’ म्हणण्यात. बिल काय नुसत्या आंघोळीचं येतं?

घे कागद. माणसं चार, पाणी 100 लिटर, 20 अंशांवरून 45 वर न्यायचं. गिझरला लागतात जेमतेम 3 युनिटं, पंपाला एक. वाचली दोन. वाचलेलं युनिट वरच्या स्लॅबमधलं, म्हणून दर चढाच धरू, 12 रुपये. दिवसाला 24, वर्षाला 8,760. तुझे पैसे फिटायला जवळपास पावणेचौदा वर्षं! एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आपसूकच कढत पाणी येतं, ते मी धरलेलं नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार धरलेला नाही. हप्त्यांवरचं व्याजही नाही. तोवर यंत्र टिकेल का, हे त्या माणसाला विचारलंस?

बायकोनं सोलर हीटरचं काढलं तर तिला गप्प केलंस म्हणे. अरे, तिचंच बरोबर होतं! गच्ची तुझी, ऊन फुकटचं, पावसाळ्याला जुना गिझर आहेच. उद्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटचं 78,000 अनुदान घेऊन विजेची पॅनेल बसवलीस, तर युनिट आणखी स्वस्त पडेल आणि पंपाचे पैसे आणखी लांबतील.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. तुझ्या थोरल्यानं कामगारांसाठी खोल्या काढल्यात. वीस पोरं, तिन्ही शिफ्टच्या आंघोळी, रोज 500 लिटर पाणी. तिथे दिवसाला 10 युनिटं वाचतील. मोठ्या यंत्राला दुप्पट पैसे गेले तरी साडेपाच वर्षांत फिटतील. पण त्याच्या दारात कुणी विकायला गेलं नाही. तो घासाघीस करतो ना!

रविवारी ये. महावितरणची बारा महिन्यांची बिलं आण, आणि घरातली बादली किती लिटरची आहे ते मोजून ये. कोटेशन आणू नकोस. आगाऊ रक्कम दिली असशील तर मान खाली घालू नकोस, आत्ताच सांग. नंबर दे, फोन मीच लावतो.