निवडलेले वेगळेपण

इंग्लंडमधील लँकेशर परगण्यात बेकप नावाचे एक लहानसे गाव आहे. ११ ऑगस्ट २००७ च्या रात्री तेथील बागेत सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांच्यावर काही पोरांनी हल्ला केला. आधी ती मित्रावर तुटून पडली. तो बेशुद्ध झाल्यावर त्याचे डोके मांडीवर घेऊन सोफी त्यांना विनवीत होती, तेव्हा त्यांनी तिलाही लाथांनी तुडविले. मित्र वाचला, सोफी २४ ऑगस्टला गेली. वैर नव्हते, कुरापत नव्हती. दोघांचा वेष तेवढा निराळा होता. ती दोघे ‘गॉथ’ होती.

गॉथ हे मूळ एका प्राचीन जर्मानिक टोळीचे नाव. पुढे मध्ययुगीन वास्तुशैलीला हिणविण्यासाठी ते वापरले गेले, नंतर भयकथांना चिकटले, आणि १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील काही तरुणांना. बाउहाउस या वाद्यवृंदाचे बेला लुगोसी या दिवंगत ड्रॅक्युला-नटावरील नऊ मिनिटांहून दीर्घ गीत १९७९ मध्ये आले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब उघडला. खर्जातले गायन, काळे कपडे, पांढरा फटक चेहरा, डोळ्यांत भरपूर काजळ. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील सुतकी पोशाखाची या मंडळींना विशेष ओढ. संगीत आमच्या कानांना फारसे रुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता काळ्याचे वावडे आपल्याकडेही आहेच. शुभकार्यात काळे नको. पण बाळाच्या गालावरची तीट काळीच असते, आणि संक्रांतीला चंद्रकळा नेसलेली स्त्री कोणाला अशुभ वाटत नाही. म्हणजे खटकतो तो रंग नव्हे; रूढीची परवानगी न घेता तो ल्यायला, हे खटकते. गॉथ कोणी मेलेले नसताना सुतक पांघरतात, आणि समाजाला ते उद्धटपणाचे वाटते.

सोफीच्या खुनाबद्दल २००८ मध्ये दोघा पोरांना जन्मठेप झाली. एप्रिल २०१३ मध्ये शेजारच्या ग्रेटर मँचेस्टरच्या पोलीस दलाने गॉथ व तत्सम गटांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्याचे ठरविले. वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल, लिंगओळख यांसाठी अशी नोंद आधीपासून होती. नव्या निर्णयाने कायदा बदलला नाही, पण एक जुना वाद पुढे आला. आक्षेप असा की, वर्ण जन्माने येतो, तो काढून ठेवता येत नाही. काळा झगा रात्री खुंटीला टांगता येतो. जे स्वेच्छेने पत्करले त्याला वेगळे संरक्षण कशासाठी? उद्या प्रत्येक हौस त्या यादीत शिरू पाहील.

आक्षेप पोकळ नाही. यादी कोठे थांबवावी, याचे नेमके उत्तर आमच्यापाशी नाही. पण धर्म त्या यादीत आहे, आणि धर्म तर बदलता येतो. ‘बदलता आला असता’ हे कारण तेथे कोणी पुढे करीत नाही, कारण माणूस जे समजूनउमजून धरून ठेवतो ते त्याच्या कातडीइतकेच त्याचे असते, हे आपण मनोमन मानतो. शिवाय मारणाऱ्याने जन्म आणि निवड असा भेद केलाच नव्हता. त्याला फक्त ‘आपल्यासारखे नाही’ एवढे दिसले.

आम्हांला या वादात रस वाटण्याचे कारण घरचे आहे. गायकवाडांबरोबर बडोद्यास, शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरीस, होळकरांबरोबर इंदुरास आलेल्या घराण्यांत मराठीपण जन्मसिद्ध आहे असे आपण म्हणतो. पहिल्या पिढीपुरते ते खरे असेल. सहाव्या-सातव्या पिढीत मात्र नातवाशी मराठीत बोलायचे की नाही, हे रोज कोणालातरी ठरवावे लागते. सोडून देणे सोपे असते, आणि सोडले तर कोणी विचारणारही नसते. मग याला वारसा म्हणावे की निवड?

‘ती तशी राहिली नसती तर वाचली असती,’ हे वाक्य सहानुभूतीनेही उच्चारले जाते. परप्रांतात नऊवारी नेसून बाजारात जाणाऱ्या आमच्या आज्यांनाही ‘निदान येथे तरी गोल नेसत जा’ असे सुचविणारे हितचिंतक होतेच. त्या हसत, आणि पिशवी उचलून तशाच निघत.