पूर्वपक्षाची जागा

वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कॉलेजच्या मुलामुलींसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय होता श्रद्धा. शेवटच्या सत्राआधी बुटांचं रिकामं खोकं फिरवलं आणि नाव न लिहिता प्रश्न टाका असं सांगितलं. बहुतेक चिठ्ठ्या नेहमीच्याच होत्या. रविवारची मिस्सा चुकली तर पाप केवढं? परधर्मातल्या मुलाशी चर्चमध्ये लग्न लागतं का? एक चिठ्ठी मात्र घड्या घालून घालून नखाएवढी केलेली होती. तीत लिहिलं होतं : 'माझा भाऊ गेला. देव चांगला असेल तर असं का? आणि देव नसेलच तर मी इथे का बसलेय?'

मंचावरच्या वडीलधाऱ्यांनी ती मनातल्या मनात वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढची उचलली. अशा प्रश्नांनी बाकीच्या मुलांची श्रद्धा डळमळते, असं त्यांनी नंतर चहाच्या वेळी मला सांगितलं. मीही त्याच मंचावर होतो आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला आजही टोचतं. हा लेख त्या चिठ्ठीसाठी आहे.

आमच्याकडे धर्मशिक्षण लहानपणी सुरू होतं आणि लहानपणीच संपतं. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी प्रश्नोत्तरं पाठ होतात, दृढीकरणाआधी पुन्हा थोडी उजळणी होते, मग मुलगा दहावीत जातो आणि वर्ग सुटतो. त्या प्रश्नोत्तरांत प्रश्नही पुस्तकाचा असतो आणि उत्तरही पुस्तकाचंच. लहान मुलाला ते पुरतं. पण विशीतल्या मुलीनं सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं, विरार लोकलमध्ये उभं राहून जगभरची मतं फोनवर वाचायची आणि देवाविषयी मात्र आठव्या वर्षी पाठ केलेल्या वाक्यांवर भागवायचं, हे कसं जमणार? ती चर्चमध्ये येणं सोडते तेव्हा आपण म्हणतो, कॉलेजनं बिघडवलं. खरं तर तिची बुद्धी वाढली आणि तिच्या श्रद्धेला आपण वाढूच दिलं नाही.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की कॅथलिक परंपरेची रीत मुळात ही नव्हती. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात थिऑलॉजी शिकवली जायची ती वादसभेतून. गुरू एक प्रश्न मांडायचा, बाजूनं आणि विरुद्ध युक्तिवाद व्हायचे, आणि निर्णय द्यायची जबाबदारी शेवटी गुरूवर यायची. वर्षातून दोनदा, नाताळआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात, खुल्या सभा भरत. त्यांत कुणीही उठून कोणत्याही विषयावर काहीही विचारावं, अशी मुभा होती. विद्यार्थी विचारत, दुसऱ्या गुरूचे शिष्य मुद्दाम अडवायला येत. त्या सभेत गुरूच्या आसनावर बसायला मोठमोठे विद्वान कचरत असतील तर नवल नाही.

थॉमस अक्वायनस हा डोमिनिकन संन्यासी याच मुशीतून घडला. 1265 च्या सुमारास त्यानं 'सुम्मा थिऑलॉजिए' लिहायला घेतलं. हा ग्रंथ नवशिक्यांसाठी आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो. पाचशेहून अधिक प्रश्न, प्रत्येकाचे उपप्रश्न, आणि प्रत्येक उपप्रश्नाची मांडणी एकाच घडणीची : आधी विरुद्ध पक्षाचे आक्षेप, मग एखादं आधारवचन, मग थॉमसचं स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचं वेगळं निरसन. 'देव आहे का?' या प्रश्नाचं पान उघडावं तर पहिली बाजू देव नाही म्हणणाऱ्याची. त्याचे आक्षेप दोन. एक असा की, चांगुलपणा अनंत असता तर जगात वाईटाला जागाच उरली नसती, आणि वाईट तर डोळ्यांसमोर आहे. दुसरा असा की, जे काही घडतं त्याचा उलगडा निसर्गातून आणि माणसाच्या बुद्धी-इच्छेतून होतो, मग देव हवा कशाला?

दुसरा आक्षेप आजचा विज्ञानाचा कुठलाही विद्यार्थी करील. आणि पहिला? तो त्या नखाएवढ्या चिठ्ठीतला. सातशे वर्षांपूर्वी चर्चच्या सर्वांत मोठ्या आचार्यानं जो प्रश्न पानाच्या माथ्यावर लिहिला, तो आम्ही खिशात घातला.

मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. मीमांसेतलं अधिकरण, म्हणजे एकेका प्रश्नाची चर्चा, असंच चालतं : विषय, संशय, पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्ष इतक्या ताकदीनं बोलतो की क्षणभर तोच खरा वाटतो. पूर्वपक्ष दुबळा मांडणं ही आपल्या शास्त्रपरंपरेत लबाडी समजली जाते. म्हणून विद्यार्थ्यांच्या चर्चासत्राला मी 'पूर्वपक्षाची जागा' म्हणतो. तिथे सर्वांत कठीण आक्षेप सर्वांत आधी आणि त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला गेला पाहिजे, शक्यतो ज्याला तो सलतो त्याच्याच तोंडून.

थॉमसचं उत्तर त्या मुलीला पुरलं असतं का? मला नाही वाटत. संत ऑगस्टीनचा हवाला देऊन तो म्हणतो की, वाईटातूनही चांगलं निपजवण्याइतका देव समर्थ आहे, म्हणून तो वाईट घडू देतो. तर्क म्हणून ते उभं राहतं. भावाच्या फोटोसमोर बसलेल्या बहिणीला ते ऐकवणं क्रूर होईल. इथे बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढावं लागतं. ईयोबाची मुलं गेली, देह सडला. तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी पाप असणार, हे सिद्ध करू लागले. अखेरीस देव रागावतो तो या धार्मिक मित्रांवर. देवाला जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी खरं बोलला, असं देव स्वतः सांगतो. विद्यार्थ्यांसोबत हे पुस्तक सलग वाचावं. धर्मग्रंथातच तक्रारीला एवढी प्रतिष्ठा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

भाषेचाही प्रश्न आहेच. आमची मुलं घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, मिस्सा मराठीत ऐकतात आणि विचार इंग्रजीत करायला शिकतात. ख्रिस्त हा 'अवतार' का नाही, असं एका मुलानं मला विचारलं होतं. उत्तम प्रश्न. अवतार युगायुगांत पुन्हा पुन्हा होतात. ख्रिस्ती श्रद्धेतली देहधारणा एकदाच, आणि तो देह खराखुरा : भूक लागणारा, घाबरणारा, मरणारा. येशूचा देह नुसता भास होता, असं सुरुवातीच्या शतकांत काही जण म्हणत. चर्चनं ते नाकारलं आणि 451 साली कॅल्सिडनच्या परिषदेत पूर्ण देव, पूर्ण माणूस, व्यक्ती एक, असा निर्णय दिला. 'अवतार' की 'देहधारणा' या एका शब्दावर दोन तासांचं सत्र रंगतं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं हाच झगडा गोव्यात केला. 1616 साली राचोलला छापलेल्या त्याच्या मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं आहे. ते योग्य होतं का, यावर मुलांनी भांडावं. भांडता भांडताच ती थिऑलॉजी करू लागतात.

गोव्याचं नाव निघालं की इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, निघतंच. 1560 साली ते तिथे सुरू झालं आणि 1812 साली कायमचं बंद पडलं. हा प्रश्न आला की आयोजक घड्याळाकडे पाहतात. पाहू नये. ज्या काळात स्टीफन्स मराठीची थोरवी गात होता, त्याच काळात माणसांना श्रद्धेच्या नावाखाली तुरुंगात टाकलं जात होतं. दोन्ही आपलंच आहे. 12 मार्च 2000 रोजी दुसऱ्या जॉन पॉल पोपनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. पोपना जे मागता आलं ते धर्मग्रामाच्या हॉलमध्ये उच्चारायला आपण का भ्यावं?

इतर धर्मांविषयीच्या प्रश्नांनाही भिण्याचं कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली 'नोस्त्रा एताते' या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं स्पष्ट केलं. थॉमस डाबरे यांनी, पुढे वसईचे पहिले बिशप झालेल्या या मराठी धर्मगुरूंनी, तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. चर्चच्या 1983 च्या धर्मविधीसंहितेनं तर ईश्वरविषयक शास्त्रांचं सखोल शिक्षण घेणं हा सामान्य प्रापंचिकांचाही हक्क मानला आहे. हा हक्क आहे हे आपल्या किती तरुणांना माहीत असतं?

श्रद्धा गेली तर काय, ही आईबापांची भीती मी समजू शकतो. माझीही मुलं आहेत. पण दाबलेला प्रश्न जात नाही, फक्त चर्चबाहेर जाऊन उत्तर शोधतो. शिवाय थॉमसनं स्वतः काय केलं पाहा. 6 डिसेंबर 1273 रोजी मिस्सेत त्याला काहीतरी अनुभव आला आणि त्यानंतर त्यानं लेखणी ठेवली. मी लिहिलं ते सगळं गवताच्या काड्यांसारखं आहे, असं तो म्हणाल्याचं त्याच्या सोबत्यानं सांगितलं. 'सुम्मा' अपुरी राहिली. ज्यानं जन्मभर प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं तो शेवटी शांत झाला. पण त्याचं मौन सगळे प्रश्न ऐकून घेतल्यानंतरचं होतं. मंचावरचं आमचं मौन तसं नव्हतं.

दर वर्षी दिवाळीनंतर काही आठवड्यांत आगमनकाळ सुरू होतो. पॅरिसच्या खुल्या सभा याच काळात भरत. धर्मग्रामांतल्या फादरांना आणि युवा गटांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे की, त्या चार आठवड्यांतली एक संध्याकाळ कॉलेजच्या मुलांना द्या. प्रवचन नको, पाहुणे नकोत. एक खोकं ठेवा, आलेली प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचा, आणि ज्या चिठ्ठीचं उत्तर येत नसेल तिच्याजवळ थोडा वेळ गप्प बसा.