अरण्यातील कुटी आणि दुसऱ्याचे लाकूड

गावाबाहेर झाडीत ध्यानासाठी एखादी लाकडी कुटी असावी, असे तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात येत असेल. इच्छा चांगलीच आहे. पण चांगल्या कामाला कोणाचेही लाकूड चालते काय?

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्षूची हकीकत आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ इसिगिली डोंगराच्या उतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत-सरपण नेणाऱ्या बाया ती मोडून नेत. असे तीनदा झाले. (आपल्या आज्यांनी डोक्यावरून मोळ्या वाहिल्या आहेत. त्या बायांना चोर ठरविण्याची घाई निदान आपण तरी करू नये.) मग धनियाने आपल्या पिढीजात कसबाने मातीची कुटी घडविली व ती भाजून काढली. लालबुंद, देखणी झाली. भगवंतांनी ती फोडायला लावली. भाजताना जीवांची हिंसा होते, हे त्याचे कारण.

आता लाकडाची कुटी! नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेले लाकूड, 'राजाने मला दिले आहे' असे रखवालदाराला सांगून, धनियाने तोडून नेले. वस्सकार मंत्र्याच्या ते लक्षात आले. बिंबिसार राजापुढे धनिय म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळी आपण गवत, लाकूड, पाणी श्रमण-ब्राह्मणांना दिले होते ना? राजाने उत्तर दिले की ते अरण्यातल्या, कोणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते. तरी चीवराकडे पाहून त्याने धनियाला सोडले.

भगवंतांनी मात्र प्रकरण सोडले नाही. न दिलेले घेणाऱ्याला संघात स्थान नाही, हा दुसरा पाराजिक नियम येथूनच झाला. धनिय पहिलाच म्हणून त्याला तो लागला नाही, इतकेच. कुटी ध्यानासाठी होती, ही सबब तेथे कोणी विचारातसुद्धा घेतली नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आणि मागून आणलेले लाकूड? आळवीच्या भिक्षूंनी कुट्यांसाठी लोकांकडे इतके मागितले की, भिक्षू दिसताच लोक वाट बदलू लागले. गायी पाहूनही भिक्षूच आले समजून पळू लागले. विहाराच्या वर्गणीला निघणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. तेव्हा अशा कुटीला माप ठरले: सुगताच्या वितीने लांबी 12, रुंदी 7. जागा आधी भिक्षूंना दाखवायची. तेथे मुंग्यांचे, वाळवीचे, उंदरांचे घर असेल, तर कुटी तेथे बांधायची नाही.