दुःखाचा हिशेब आणि ख्रिस्ताचा वधस्तंभ



दुःख आले की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मीच का?" आपल्या मराठीने या प्रश्नाचे उत्तर जणू एका शब्दातच तयार ठेवले आहे. आपण दुःखाला 'भोग' म्हणतो. 'आपापले भोग' असे म्हटले की विषय संपतो. ज्याच्या वाट्याला दुःख आले, त्याने ते कुठेतरी कमावलेच असणार, असा त्याचा अर्थ. ख्रिस्ती घरांतही हाच विचार वेगळे कपडे घालून येतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून कोणी म्हणते, "मनात काही पाप राहिले आहे का, तपासून पाहा." कोणी म्हणते, "विश्वास कमी पडला." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण आजाऱ्याच्या अंगावर आजाराबरोबर अपराधाचेही ओझे पडते.

वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवतात की प्रत्येक नावे नोंदीसमोर तितकीच जमा नोंद असली पाहिजे. ताळा जुळला नाही, तर कुठेतरी चूक झाली आहे. वहीसाठी हा नियम योग्यच आहे. जुन्या करारातील ईयोबाच्या तीन मित्रांनी, अलीफज, बिल्दद आणि सोफर यांनी, तोच नियम एका माणसाच्या आयुष्याला लावला. ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. एवढी मोठी रक्कम नावे पडली आहे, तेव्हा तितकेच मोठे पाप कुठेतरी असणार, असे त्यांनी धरून चालले आणि ते शोधायला सुरुवात केली. ईयोब मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की हा हिशेब खोटा आहे. त्याने देवाशी वाद घातला, तक्रार केली, जन्मदिवसाला शाप दिला. आणि ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो कोणावर? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडतो आहोत असे समजणाऱ्या त्या मित्रांवर. ही गोष्ट आपण वारंवार आठवली पाहिजे.

प्रभू येशूसमोरही हा प्रश्न आला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रश्न थेट आपल्या 'भोगा'चाच आहे. येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हाही त्याने स्पष्ट सांगितले की मेलेले लोक वाचलेल्यांपेक्षा अधिक पापी नव्हते. दुःखावरून माणसाच्या पापाचा अंदाज बांधण्याची वाट त्याने अशी बंद केली.

मग दुःख चांगले आहे का? ख्रिस्ती धर्म दुःखाची पूजा करतो, असे अनेकांना वाटते, कारण आमचे चिन्हच वधस्तंभ आहे. पण शुभवर्तमाने नीट वाचली, तर वेगळे चित्र दिसते. येशूकडे कुष्ठरोगी आला, तेव्हा "सोस, यातच तुझे भले आहे" असे त्याने त्याला सांगितले नाही. त्याला स्पर्श करून बरे केले. लाजाराच्या कबरेजवळ तो रडला. गेथशेमाने बागेत त्याने स्वतःसाठी हीच विनंती केली की हा प्याला टळावा. जे दुःख टळू शकते ते टळावे असे वाटणे, यात अविश्वास नाही. स्वतः प्रभूला तसे वाटले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो न केल्याने अनेकांचे नुकसान होते. 'आपला वधस्तंभ उचल' हे वचन आपण फार सहज दुसऱ्याला ऐकवतो. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला ऐकवतो. मजुरी बुडवली गेलेल्या कामगाराला ऐकवतो. पण प्रभूचा वधस्तंभ त्याच्यावर केवळ येऊन पडला नव्हता. प्रेमाखातर त्याने तो स्वीकारला होता. दुसऱ्याच्या भल्यासाठी, सत्यासाठी, मोकळ्या मनाने घेतलेले कष्ट म्हणजे वधस्तंभ. कोणीतरी आपल्यावर लादलेला अन्याय म्हणजे वधस्तंभ नव्हे. तो अन्यायच आहे आणि तो थांबवणे हे मंडळीचे काम आहे. प्रेषित पौलाने सुवार्तेसाठी फटके खाल्ले, तुरुंगवास भोगला. पण यरुशलेमेत त्याला चाबकाने मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला आणि मार टाळला. फिलिप्पैमध्ये अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्या, असा त्याने आग्रह धरला. सोसणे आणि हक्क मागणे या दोन्ही गोष्टी एकाच विश्वासू माणसात राहू शकतात.

तरीही काही दुःख असे असते की ते औषधाने, कायद्याने, प्रार्थनेनेही जात नाही. पौलाने त्याला शरीरातला काटा म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोकदार खुंट असाही होतो. म्हणजे ती किरकोळ टोचणी नव्हती. तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. त्याला कारणाची यादीही मिळाली नाही. कृपा पुरेशी आहे आणि अशक्तपणातच देवाचे सामर्थ्य पूर्ण होते, एवढे आश्वासन मिळाले. म्हणजे येथे हिशेब जुळवून दिलेला नाही. सोबत दिली आहे.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे जीवन या दृष्टीने वाचावे. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरी लहानगी मनोरमा. इंग्लंडमध्ये वैद्यकी शिकायची, तर कमी ऐकू येत असल्याने तीही वाट बंद झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन असे उभे राहिले. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. स्वतःच्या दुःखाने त्यांना दुसऱ्याचे दुःख ओळखणारी नजर दिली.

पण घाईने असे म्हणू नये की आईवडिलांचा मृत्यू नावे आणि मुक्ती सदन जमा, म्हणून ताळा जुळला. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी मूळ भाषांतून मराठीत बायबल आणण्याचे काम शेवटपर्यंत चालू ठेवले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. मुलीच्या वियोगातून कोणते नवे काम उभे राहणार होते? त्यासाठी आयुष्यच उरले नव्हते. दुःखाला फळ आले तरच अर्थ, असे मानले, तर हे शेवटचे दुःख निरर्थक ठरेल. ख्रिस्ती विश्वास तसे म्हणत नाही. वधस्तंभावर येशूने स्वतः देवाला विचारले की तू मला का सोडलेस. ज्याला आज कोणतेही उत्तर सुचत नाही, त्याच्या त्या 'का' मध्ये प्रभूचा आवाज आधीच मिसळलेला आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण राहिले. देवाने दुःख पुसून टाकले नाही, तर ते आपल्या अंगावर घेतले आणि मृत्यूला शेवटचा शब्द बोलू दिला नाही.

तेव्हा दुःखी माणसाजवळ जाताना उत्तर घेऊन जाऊ नये. ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट फार चांगली केली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. बोलायला लागल्यावर ते चुकले. आपणही बसावे. दवाखान्याच्या रांगेत नंबर लावावा, घरी डबा पोहोचवावा, रात्री जागणाऱ्याला दोन तास झोपू द्यावे. ज्या बहिणीला मार बसतो, तिला सुरक्षित जागी न्यावे आणि तक्रार नोंदवायला तिच्यासोबत जावे. टाळता येईल ते दुःख टाळावे, टळणार नाही ते वाटून घ्यावे, आणि दोन्हींत प्रभूचा हात सोडू नये.

आज तुम्ही स्वतःच दुःखात असाल, तर एवढेच लक्षात ठेवा: तुमचे अश्रू म्हणजे तुमच्या पापाची पावती नाही, आणि तुमची तक्रार ऐकून देव तुमच्यापासून दूर जात नाही. प्रभू तुमच्यासोबत राहो.