शेवटचा शब्द खेळाच्या मालकाचा

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीनं मला विचारलं, "मंचकिनचं पहिलं एक्स्पान्शन कुठलं घेऊ?" तिनं मूळ खेळ नुकताच घेतला होता, घरात चारपाच जण खेळत होते, आणि आता त्यांना आणखी हवं होतं. प्रश्न दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा होता. मी "सांगते" म्हणाले आणि दोन दिवस सांगितलंच नाही. याचं कारण चार वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी रात्री आहे. तिथपर्यंत जायचं तर आधी खेळ सांगायला हवा.

मंचकिन हा अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिन इथल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सनं 2001 साली काढलेला पत्त्यांचा खेळ. रचना स्टीव्ह जॅक्सनची, चित्रं जॉन कोवालिकची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळांत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचत पुढे जायचं असतं, पण दर टोळक्यात एक जण असा असतो की त्याला गोष्टीशी घेणंदेणं नसतं. त्याला फक्त सगळ्यात मोठी तलवार हवी असते. अशा माणसाला तिकडे 'मंचकिन' म्हणतात. जॅक्सननं या हावरट माणसाची टिंगल करणारा खेळ काढला आणि त्यात सगळ्यांनाच हावरट केलं. 168 कार्डं, तीन ते सहा खेळाडू. एक दार उघडायचं, राक्षस निघाला तर लढायचं, जिंकलात तर त्याचा खजिना घ्यायचा. जो पहिला दहाव्या लेव्हलला पोचेल तो जिंकला. राक्षसही कसले, तर कुंडीतलं झाड हाही एक राक्षस आहे.

खरा खेळ मात्र राक्षसाशी नसतो. एकट्यानं राक्षस झेपत नसेल तर दुसऱ्या एकाची मदत मागता येते, आणि तो फुकट येत नाही. खजिन्यातली किती कार्डं देणार, आधी कोण उचलणार, अशी घासाघीस होते. उरलेले लोक तेवढ्यात राक्षसाची ताकद वाढवणारी कार्डं टाकून दोघांचाही घात करू शकतात. मित्राच्या पाठीत सुरा खुपसणं हे या खेळाचं उघड ब्रीद आहे. नियमपुस्तिकेत एक ओळ अशा अर्थाची आहे की वाद झालाच तर आरडाओरडा करून मिटवावा, आणि शेवटचा शब्द खेळाच्या मालकाचा. आम्ही त्या ओळीवर खूप हसायचो. मालकीण मी होते.

आम्ही पाच जण वाकडच्या माझ्या फ्लॅटवर दर शुक्रवारी जमायचो. त्यात एक भाऊ. खरं नाव वेगळं, पण सगळे भाऊच म्हणायचे. लातूरकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, कोड लिहिण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे. मूळ खेळात त्याला हरवणं अवघड होतं, कारण घासाघीस. "दोन कार्डं देतेस? बरं, राहू दे, मर मग," असं म्हणून तो पाणी प्यायला उठायचा आणि आपण तीन कबूल करायचो. एल्फ होणं त्याला फार आवडायचं. दुसऱ्याला राक्षस मारायला मदत केली की एल्फची स्वतःची लेव्हल वाढते. "मदत करून वर जाणारा मी एकटाच," असं तो आम्हाला ऐकवायचा. कार्डांवरचं इंग्रजी त्याला पुरेसं कळायचं. त्यातले विनोद कळायचे नाहीत, पण आकडे कळायचे, आणि सौदा तर मराठीतच चालायचा.

मग मी एक्स्पान्शन्स घेतली. 2002 सालचं 'अननॅचरल ॲक्स', 2003 सालचं 'क्लेरिकल एरर्स', 2006 सालचं 'द नीड फॉर स्टीड'. प्रत्येकात 112 कार्डं. तिन्ही एकदम मिसळली. 168ची 504 झाली. नवे ऑर्क आले, नोम आले, बार्ड आले, स्वारीला जनावरं आली. मला तर दिवाळी वाटली.

काय बदललं ते हळूहळू दिसलं. पहिली गोष्ट साध्या भागाकाराची. गठ्ठा तिप्पट झाला की मूळच्या प्रत्येक कार्डाची हातात येण्याची शक्यता ढोबळमानानं तिसऱ्या हिश्श्यावर येते. ज्या कार्डांची आपल्याला सवय झाली, ती मागे पडतात. दुसरी गोष्ट, सौद्याचं वजन घटलं. बार्ड हातातलं कार्ड टाकून आणि फाशाचं दान पडलं तर दुसऱ्याला काहीही न देता मदतीला ओढू शकतो. जिथे बोलून मिळवायचं तिथे आता जबरदस्तीही चालणार होती. तिसरी गोष्ट, कार्डांवरचा मजकूर लांबला, आणि त्यातली गंमत अशी की ती शब्दांवरच्या कोट्यांची होती. नावांपासूनच बघा. 'क्लेरिकल एरर्स' म्हणजे कारकुनी चुका, पण खेळात 'क्लेरिक' नावाचा धर्मगुरू आहे, म्हणून त्या त्याच्या चुका. भाऊचे वडील तहसील कार्यालयात कारकून होते. त्याला वाटलं, यात दाखल्यांवरच्या चुकांचा काही विनोद असेल. आम्ही हसलो, तोही हसला. कोटी समजावून सांगितली की ती मरते, आणि समजावून घेणाऱ्याला उगीचच आपण उशिरा आलोय असं वाटत राहतं.

भाऊ हरायला लागला. आणि इथे खेळातला एक नियम मध्ये आला. पाळी संपताना हातात पाचापेक्षा जास्त कार्डं असतील, तर जास्तीची कार्डं सगळ्यात खालच्या लेव्हलच्या खेळाडूला द्यायची. या नियमाचं नावच 'चॅरिटी'. एवढ्या मतलबी खेळात मागे पडलेल्याची ही सोय आहे, आणि मूळ खेळात ती छान चालते. आमच्याकडे आता सगळ्यात खाली भाऊ असायचा. आम्हाला नको असलेली, लांबलचक मजकुराची, विचित्र अटींची कार्डं त्याच्या हातात जमायची. दान मिळत होतं, पण ते वाचायला त्याला कुणीतरी लागत होतं.

हातातलं कार्ड गुपित असतं. त्याचा अर्थ विचारायचा तर ते दाखवावं लागतं. भाऊनं उपाय काढला. तो फक्त मला विचारायचा. खेळ माझा, नियम मला पाठ. मी चहा ठेवायला उठले की मागोमाग ओट्यापाशी यायचा आणि हळूच म्हणायचा, "हे बघ गं, हे नेमकं कधी टाकायचं?"

त्या शुक्रवारी त्यानं असंच एक कार्ड दाखवलं. लढाईतल्या राक्षसाची ताकद दहानं वाढवणारं. मी त्याला नीट समजावलं, कधी टाकलंस तर जास्त लागेल तेही सांगितलं. त्या वेळी मी आठव्या लेव्हलला होते. माझ्याकडे लढाईत पाच-पाचची भर घालणाऱ्या औषधाच्या दोन कुप्या होत्या. एरवी मी इतर सामानाबरोबर त्या विकून लेव्हल घेतली असती, हजार मोहरांच्या मालाला एक लेव्हल मिळते. त्या दिवशी विकल्या नाहीत. नवव्या लेव्हलला दुसऱ्या मार्गानं पोचले, शेवटच्या राक्षसाशी लढले, भाऊनं ते कार्ड टाकलं, आणि मी शांतपणे दोन्ही कुप्या खाली ठेवल्या. पाच आणि पाच दहा. मी जिंकले.

बाकीचे ओरडले, टाळ्या वाजवल्या. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. नंतर जिन्यात मी त्याला म्हणाले, "सॉरी, ते जरा..." तो म्हणाला, "अगं, सॉरी काय? तूच तर म्हणतेस ना, फसवणं हाच खेळ आहे." तो चिडला नव्हता. पुढच्या शुक्रवारी आला, त्याच्या पुढच्या आला नाही, मग हळूहळू त्याला शुक्रवारी काम असायला लागलं.

मी कुठलाही नियम मोडला नव्हता. चार वर्षं मी हे वाक्य स्वतःला सांगते आहे आणि ते खरंच आहे. मग काय बिघडलं?

योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानं 1938 साली खेळाबद्दलच्या त्याच्या पुस्तकात एक भेद केला आहे. फसवून खेळणारा वेगळा आणि खेळ मोडणारा वेगळा. फसवणारा निदान खेळ मानतो, रिंगणाच्या आत राहण्याचा देखावा तरी करतो. खेळ मोडणारा रिंगणच पुसतो. मंचकिनमध्ये फसवण्याला रिंगणाच्या आत जागा दिली आहे, तिथे एक कार्डच 'चीट' नावाचं आहे. पाठीत सुरा बसणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून तो बसला तरी हसू येतं. पण भाऊ ओट्यापाशी आला तेव्हा तो रिंगणाबाहेर आला होता. तो खेळाडू म्हणून आला नव्हता, ज्याला वाचता येतं अशा माणसाकडे आला होता. तिथे मिळालेली गोष्ट मी आत नेऊन वापरली. रमीत कुणाचं पान चुकून दिसलं तर ते लक्षात ठेवणं निराळं. इथे पान दिसलं नव्हतं, विश्वासानं दाखवलं होतं.

आता यावर कुणी म्हणेल, ही चूक तुझी, एक्स्पान्शनचा काय संबंध? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण ओट्यापाशी येण्याची गरज कुणी निर्माण केली? 168 कार्डांच्या खेळात भाऊला माझी गरज नव्हती. उलट मलाच त्याची असायची, आणि तो ती चोख वसूल करायचा. मी तीन खोके उघडले आणि तो माझ्यावर अवलंबून झाला. ज्यानं दुसऱ्याला अवलंबून केलं त्याच्यावर जास्तीची जबाबदारी येते, आणि मी ती घेतली नाही.

"पण सगळे राजी होते की," असंही म्हणता येईल. होते. सभापर्वात युधिष्ठिरही राजी होता. द्यूत सुरू होताना दुर्योधन सांगतो की पण मी लावीन आणि फासे माझ्या वतीनं मामा टाकतील. एकासाठी दुसऱ्यानं खेळणं युधिष्ठिराला गैर वाटतं, तसं तो बोलूनही दाखवतो, आणि तरी बसतो. आपण महाभारत वाचताना शकुनीचं कपट आणि युधिष्ठिराचं व्यसन यांवरच बोलतो. मला हल्ली तो मधला क्षण दिसतो. खेळ मांडला गेलाय, सगळे जमलेत, आणि आयत्या वेळी एक भर घातली जाते. अशा वेळी नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांचा रंग घालवणं. आमच्या फ्लॅटवर काही द्यूतसभा नव्हती, कुणाचं राज्य गेलं नाही. पण 'ही तीन एक्स्पान्शन्स आणलीत, खेळूया ना?' याला भाऊ काय उत्तर देणार होता?

मग त्याला सवलत द्यायला हवी होती का? लहानपणी लपाछपीत धाकट्या भावंडांना आपण लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही. यात माया असते, पण लिंबूटिंबूला दोन दिवसांत कळतं की आपण खेळत नाही, आपल्याला खेळवलं जातंय. घासाघिशीत आम्हाला घाम फोडणाऱ्या माणसाला लिंबूटिंबू करणं हा कुप्या राखण्याइतकाच वाईट प्रकार झाला असता. सवलतीची गरजच पडणार नाही असा गठ्ठा निवडणं माझ्या हातात होतं. ते खोका उघडण्याआधी करायचं काम होतं.

एक्स्पान्शन निवडताना आपण विचारतो की यात नवीन काय आहे. कार्डं किती, गंमत किती, पैसे किती. या टेबलावर आत्ता कोण कशाच्या जोरावर खेळतंय, आणि नव्या कार्डांनी कुणाचा जोर काढून घेतला जाईल, हे आपण विचारत नाही. ज्याचा जोर वाढणार असतो, खरेदीला बहुधा तोच गेलेला असतो. मला कोट्या आवडायच्या, नियम पाठ करायला आवडायचे. मी जे निवडलं त्यानं मीच मोठी झाले, आणि हे मला तेव्हा खरोखर दिसलं नाही. मालकाला शेवटचा शब्द दिलाय म्हणून आम्ही हसायचो, पण खोका विकत घेतानाच मी तो शब्द उच्चारला होता, वाद व्हायच्या कितीतरी आधी.

त्या मुलीला मी दोन दिवसांनी उत्तर दिलं. म्हणाले, एका वेळी एकच घे. मिसळण्याआधी कार्डं टेबलावर उलटी न ठेवता सुलटी पसर, सगळ्यांनी मोठ्यानं वाचा, ज्याला जे नको वाटेल ते कारण न सांगता बाजूला काढू दे. आणि घरात सध्या सगळ्यात जास्त कोण जिंकतं ते बघ. ते तूच असशील, तर निवड दुसऱ्या कुणाला करू दे.

"आमच्याकडे आजी जिंकते," ती म्हणाली. "तिला इंग्रजी येत नाही. चित्रं आणि आकडे बघते फक्त."

मी म्हणाले, मग इतक्यात घेऊच नकोस.

भाऊ आता बंगलोरला असतो. मेसेज होतात, वाढदिवसाला फोन होतो. ती 504 कार्डं मी मागच्या रविवारी वेगळी केली. कोपऱ्यातल्या खुणा बघत बघत दुपार गेली. मूळची 168 एका खोक्यात ठेवली आणि त्याला लिहिलं, "पुण्याला आलास की ये, जुनाच गठ्ठा आहे, आणि त्या दिवशीच्या कुप्यांबद्दल मला बोलायचंय." त्याचं उत्तर आलं, "येतो. मदतीची तीन कार्डं घेईन, आत्ताच सांगून ठेवतो."

कुप्यांबद्दल त्यानं काहीच लिहिलं नाही. ते मलाच बोलायला लागणार आहे.