सोडलेला डाव

पण लावणाऱ्याच्या बाबतीत मराठी भाषा मोठी उदार आहे. सर्वस्व पणाला लावणे, जिवावर उदार होणे, बाजी मारणे या शब्दप्रयोगांत कौतुकाचा सूर स्पष्ट ऐकू येतो. डाव अर्ध्यावर सोडणाऱ्यासाठी मात्र ‘कच खाणे’ आणि ‘शेपूट घालणे’ यांपलीकडे तिच्यापाशी फारसे काही नाही. वस्तुतः हातात चांगले पत्ते असताना ते पालथे टाकून बाजूला होणे ही कृती नैतिक विचाराला जितकी अवघड जाते, तितके पण लावणे क्वचितच जाते.

पोकर या पत्त्यांच्या खेळात हा प्रश्न अगदी उघडा पडतो. प्रत्येकाला दोन पत्ते गुप्तपणे मिळतात, पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सर्वांसमोर मांडले जातात आणि कोणी पैसे लावले की इतरांनी तेवढे घालावेत किंवा पत्ते टाकावेत, असा नियम असतो. रोखीच्या खेळात समोरचे प्रत्येक टोकन म्हणजे खरा पैसा. आणि खेळाडूला केव्हाही उठून जाण्याची मुभा असते.

समजा, एका खेळाडूच्या हाती दोन अठ्ठ्या आहेत. मांडलेल्या पत्त्यांत बदामची अठ्ठी, बदामची दश्शी, चौकटची राणी, किलवरची तिर्री आणि अखेरीस बदामची दुर्री आली आहे. तीन अठ्ठ्या हा सहसा जिंकणारा हात. परंतु आतापर्यंत मुकाट्याने पैसे घालत आलेला एक सावध प्रतिस्पर्धी, ती दुर्री उघडताच, मध्ये ६०,००० रुपये जमलेले असताना आणखी ४०,००० लावतो. त्याच्याकडे दोन बदाम असतील, तर तीन अठ्ठ्या फुकट. त्याचे पत्ते पाहण्यासाठी ४०,००० घालावे लागतील आणि जिंकल्यास एकूण १,४०,००० हाती येतील. म्हणजे सातांपैकी दोन वेळा जरी आपला हात सरस ठरत असला, तरी नुकसान नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, असा सावध मनुष्य अशा वेळी पोकळ धमकी किंवा दुबळ्या हाताचा पण कितीदा लावतो? सातांत एकदाच, असा अंदाज असेल तर तीन अठ्ठ्या टाकून देणे हेच योग्य.

गणित येथे संपते आणि खरी अडचण सुरू होते. मधल्या ६०,००० रुपयांत त्याचेही पैसे आहेत. ते अद्याप आपलेच आहेत असे मन म्हणते. वास्तविक ते आता कोणाचेच नाहीत. दुसरी अडचण अधिक खोल आहे. पत्ते टाकल्यावर प्रतिस्पर्ध्याने आपले पत्ते दाखवावेत असे बंधन नसते. लढून हरणाऱ्याला निदान सत्य कळते. सोडणाऱ्याला तेही मिळत नाही. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या क्रीडासिद्धान्तावरील ग्रंथात पोकरचा विचार केला आणि पोकळ धमकी हा त्या खेळाचा तर्कशुद्ध भागच असल्याचे दाखविले. तेव्हा संशय कधीच पुरता फिटणार नाही. निर्णयाची योग्यता फळावरून ठरवू पाहणाऱ्यास येथे फळच दिसत नाही. निर्णयाच्या क्षणी जे ठाऊक होते, तेवढ्यावरूनच त्याला न्याय द्यावा लागतो.

आपल्या परंपरेत न सोडलेल्या डावाची सर्वांत मोठी कथा महाभारताची आहे, आणि तिचा एक धागा काशीपर्यंत पोहोचतो. शिंदे घाट आणि भोसले घाट या मराठी सत्तांची नावे वागविणाऱ्या दोन घाटांच्या दरम्यान संकठा घाट आहे. तेथील संकटा देवीची पांडवांनी वनवासाच्या काळात आराधना केली, अशी कथा सांगितली जाते. जवळच यमेश्वराचे स्थान आहे. यम म्हणजे धर्म, युधिष्ठिराचा पिता. द्यूतात सारे गमावलेला धर्मपुत्र संकटनिवारिणीपुढे उभा आहे, ही लोककल्पना ऐतिहासिक नसेलही. पण तिला एक अर्थ आहे. हे संकट बाहेरून आलेले नव्हते.

सभापर्वात शकुनी युधिष्ठिराला सरळ सांगतो की, भीती वाटत असेल तर खेळू नकोस. आव्हान आल्यावर मागे फिरायचे नाही हे आपले व्रत आहे, असे उत्तर मिळते. मग धन, रथ, हत्ती, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी, असा प्रत्येक नवा पण आधीच्या हानीच्या भरपाईसाठी लागतो. पहिल्या द्यूताला अज्ञानाची सबब देता येईल. धृतराष्ट्राने सर्व परत दिल्यानंतर, वाटेवरून बोलावणे येताच तो दुसऱ्यांदा पटाशी बसतो, तेव्हा मात्र शकुनी कोण आहे हे त्याला पुरते ठाऊक असते. अज्ञान सरले होते. वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडण्याचे आणि व्रत सोडण्याचे बळ आले नव्हते.

यावर एक आक्षेप संभवतो. परिणामांचे गणित करून माघार घेणाऱ्यांनी जगात कोणते मोठे कार्य केले? त्याच काशीत हरिश्चंद्राची पूजा होते, ती त्याने माघार घेतली नाही म्हणूनच. हा आक्षेप सहज झटकता येणारा नाही. दोघांत फरक आहे तो असा: हरिश्चंद्र दिलेल्या वचनाचे ऋण फेडत होता, युधिष्ठिर दर वेळी नवे ऋण करीत होता. पण साम्यही आहे, आणि ते अस्वस्थ करणारे आहे. दोघांनीही स्वतःखेरीज इतर माणसे मोजून दिली. हरिश्चंद्राच्या पत्नीचा एखादा प्रश्न लोकस्मृतीने जपलेला नाही. द्रौपदीचा जपला: आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) भर सभेत हा प्रश्न उपस्थित करणे हीच द्रौपदीची चूक मानली. व्यवहाराच्या दृष्टीने ते खरेही असेल. तरीही कोणत्याही जुगाऱ्याने पटाशी बसण्यापूर्वी विचारायला हवा तो हाच प्रश्न: जे पुढे सरकवीत आहे, ते माझे आहे काय?

स्वतःचे धन पणास लावून ते गमावणाऱ्याचे धैर्य समाजाने खुशाल वाखाणावे. परंतु रोखीच्या पटावर बसणाऱ्याच्या टोकनांत बहुधा घराचे भाडे, मुलांची फी, बायकोचे दागिने मिसळलेले असतात, आणि त्यांची मालकी त्याच्या एकट्याची नसते. अशा वेळी पत्ते टाकणे म्हणजे आपल्या कीर्तीपेक्षा दुसऱ्याच्या हक्काला मोठे मानणे होय. या कृतीला साक्षीदार नसतो आणि टाळीही नसते. आपण बरोबर होतो याचा पुरावाही तिच्या वाट्याला येत नाही. पुराव्यावाचून योग्य ते करणे, याहून धर्माची कठीण कसोटी नाही. आणि ज्याला साक्षात धर्मराज म्हटले गेले, तोच तिला उतरला नाही.